सोबत कोण होतं?

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

पस्तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले, गावात काम करायला जाताना दोन वह्या ठेवा. एकीत लोक काय बोलले ते लिहायचं, दुसरीत आपल्याला काय वाटलं ते. दुसरी कुणाला दाखवायची नाही. मी स्वतः दुसरी वही कधी ठेवली नाही. वेळ मिळत नाही, असं सांगायची. आता निवृत्त होऊन पुण्याहून नगरला, सावेडीच्या या फ्लॅटमध्ये परत आलेय, वेळच वेळ आहे, तेव्हा ही वही.

सकाळी शौनकचा फोन आला. माझ्या पुस्तकाचा तो सध्याचा संपादक; पुस्तक निघालं तेव्हा पठ्ठ्या बालवाडीत होता. नवी आवृत्ती काढतोय आणि तिला 'तीस वर्षांनंतर त्याच गावात' असं एक शेवटचं प्रकरण हवंय, महिनाअखेरीपर्यंत. मी लगेच हो म्हटलं. निरोप समारंभानंतर कुणी तारीख घालून माझ्याकडे काही मागितलंच नव्हतं.

माझ्यामागे ही वही कुणाच्या हाती पडलीच तर त्याला कळावं म्हणून लिहून ठेवते. सत्ता माणसाला युद्धावर कशी पाठवते, हा माझा जन्माचा विषय. १९९४ साली मी सोनईच्या पलीकडच्या देवखडीत घरोघर फिरून दोनशे चौदा फॉर्म भरले. दुसऱ्या महायुद्धात त्या एवढ्याशा गावातून एकतीस माणसं गेली, ती का गेली, हा प्रश्न. जबरदस्तीनं, असं तेव्हाचे सगळे विद्वान म्हणत. माझे फॉर्म म्हणत होते, मानासाठी आणि राजीखुशीनं. त्या उत्तरावर पुस्तक झालं, पुस्तकावर प्राध्यापकी झाली, तीन देशांतून बोलावणी आली.

सोमवार, ६ जानेवारी

देवखडीला जाऊन आले. हनुमंतनं घरापर्यंत गाडी पाठवली होती. हनुमंत हा मच्छिंद्र सुभेदारांचा नातू. सुभेदारांचे वडील गावचे पाटील, स्वतः सुभेदार फौजेतून आलेले; गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. चौऱ्याण्णवला मी बत्तीस वर्षांची, एकटी, खांद्याला शबनम. "पाव्हणीला एकटं कसं सोडायचं?" म्हणून सुभेदार रोज सकाळी कोट चढवून माझ्याबरोबर निघत. माझी बॅगसुद्धा तेच उचलत. एकाही दारातून मला परत फिरावं लागलं नाही. पुस्तकात आभाराचं पहिलं नाव त्यांचंच आहे.

पुस्तकात मी गावाचं नाव मोठ्या काळजीनं लपवलं होतं, नुसतं 'ख' म्हटलं होतं. आज वेशीतच फ्लेक्स दिसला: 'डॉ. शोभा पाठक मॅडम यांच्या जगप्रसिद्ध ग्रंथातील ख गाव ते आमचेच!' फरहीनला हसू आवरेना. ही माझी विद्यार्थिनी, नगरमध्ये मुकुंदनगरला राहते, माझ्याच हाताखाली पीएच.डी. करतेय. हुशार आहे पण बोलायला कंजूष. काहीही विचारा, "हो मॅडम."

ग्रामपंचायतीसमोर काळ्या ग्रॅनाइटचं स्मारक उभं राहिलंय. एकतीस नावं आणि वर माझं वाक्य: 'या गावाने माणसे दिली, ती कोणी मागितली म्हणून नव्हे.' खाली माझं नाव. सव्वीस जानेवारीला अनावरण, प्रमुख पाहुणी मीच. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू? सरपंच हनुमंतची बायको मोनिका आहे. त्या मात्र कुठं दिसल्या नाहीत, चहाही हनुमंतनंच मागवला.

बुधवार, ८ जानेवारी

आज अकरा घरं झाली. हनुमंत दिवसभर बरोबर होता, आजोबांसारखाच तत्पर. प्रत्येक घरात सतरंजी आधीच अंथरलेली. पण लोक पूर्वीसारखं बोलत नाहीत. जे बोलतात ते एकसारखं: मान हुता, परंपरा हुती, गावाचं नाव झालं. मोबाइलनं माणसांची बोलायची सवयच गेली की काय कोण जाणे. यावर एक परिच्छेद करता येईल.

शेवटचं घर मुबारकबींचं. वय शहाऐंशी. वडील शमशेर, एकतिसांपैकी एक, लढाईवरून परत आले नाहीत. गेल्या खेपेलाही मी या घरी गेले होते.

"आजी, मॅडम आल्यात. वळखलं का?" हनुमंतनं विचारलं.

"वळखलं की. तवा केस काळे हुते बाईंचे."

मी वडिलांचं विचारलं. त्या तोंड उघडणार तोच हनुमंत म्हणाला, "शमशेरबाबा लई हौशी मानूस. आजोबा सांगायचे, भरतीला नाचत गेल्ता."

म्हातारी उठली आणि शेळीला पाला टाकायला मागं गेली. आमचा चहा संपला तरी आली नाही. फरहीन नंतर म्हणाली, शेळीपुढे पाला भरपूर होता. वयोमानानं विसरत असतील.

शनिवार, ११ जानेवारी

फरहीननं चौऱ्याण्णवचे मूळ फॉर्म मागितले. माळ्यावरची ट्रंक काढली. गेल्या तीस वर्षांत ते कुणीच मागितले नव्हते, मला बरं वाटलं. दिवसभर ती जमिनीवर मांडी घालून एकेक फॉर्म बघत होती. चार वाजता म्हणाली, "मॅडम, खाली एक रकाना आहे, 'मुलाखतीच्या वेळी सोबत कोण होते?'"

मी म्हटलं, तो माझाच रकाना. मुलाखत घेताना आजूबाजूला कोण आहे याची नोंद हवीच. त्या काळी कुणी करत नसे, मी केली.

"दोनशे चौदा फॉर्मांवर एकच नाव आहे, मॅडम. म. सुभेदार."

"म्हणून तर कुणी नकार दिला नाही," मी म्हटलं. "ओळखीचा माणूस बरोबर असला की लोक मोकळेपणी बोलतात, हे लक्षात ठेव."

"हो मॅडम."

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. फरहीन दोन दिवस सुट्टीवर, तिच्यासाठी डब्यात तिळाच्या वड्या ठेवल्यात. प्रकरणाची बारा पानं झाली. मोबाइलचा परिच्छेद झकास जमलाय.

शुक्रवार, १७ जानेवारी

आज माझा तोल गेला. फरहीन सुट्टीवर नव्हतीच. तारकपूर स्टँडवरून एसटीनं एकटी देवखडीला गेली होती, दोन्ही दिवस. मुबारकबींच्या अंगणात बसून तुरीच्या शेंगा सोलल्या म्हणे. पहिला दिवस नुसत्या शेंगाच. दुसऱ्या दिवशी म्हातारी आपणहून बोलली.

"काय बोलली?"

"ते मी नाही सांगणार मॅडम. दादी म्हणाल्या, बाईंना ऐकायचं असेल तर एकटं यायला सांग."

मी तिला नियम ऐकवले. न विचारता गावात जाणं, माझ्या कामात परस्पर मुलाखत घेणं. नियम सगळे खरे होते. पण रागाच्या भरात पुढं जे म्हणाले ते इथं लिहिल्याशिवाय ही वही ठेवण्यात अर्थ नाही. म्हणाले, "तू त्यांच्यातली, म्हणून तुझ्याशी बोलली असेल."

फरहीन म्हणाली, "मी नगरची, मॅडम. त्यांच्या नात्यात ना गोत्यात. मी कुणाबरोबर गेले नव्हते, एवढंच." आणि वड्यांचा डबा तिथंच ठेवून गेली.

मला माझी लाज वाटली आणि तिचा रागही आला. दोन्ही एकदमच.

रविवार, १९ जानेवारी

सकाळी फॉर्म क्रमांक सत्त्याऐंशी काढला. माझंच अक्षर, तेव्हाचं गोल आणि उत्साही. 'कुटुंबप्रमुख: मुबारकबी. भरतीचे कारण: मान, रणांगणाची हौस. स्वेच्छेने.' उत्तराच्या शब्दांवरून लक्षात आलं की हे बाईमाणसाचं बोलणं नाही. 'रणांगणाची हौस' असं कुठली मुबारकबी म्हणेल? हे सुभेदारांचे शब्द. पुस्तकात मी ते अवतरणचिन्हांत घातलेत.

फरहीनला फोन केला. काल तिनं उचलला नव्हता, आज उचलला. माफी मागितली. "हो मॅडम," म्हणाली. माफ केलं की नुसतं हो म्हणाली ते कळलं नाही.

सोमवार, २० जानेवारी

एकटी गेले. घोडेगावला उतरून पुढं काळीपिवळीनं, गुडघा सांभाळत. मुबारकबींनी तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडंही सरकवलं. मी काही न विचारता सोलायला लागले. मग त्यांनीच सुरुवात केली.

"हीर सामाईक हुती, पाच घरांची पाळी. पाटलानं आमची पाळी तोडून आपल्या उसाला पानी न्यालं. माजा बाप चावडीत बोलला, समद्यांम्होरं. आठ दिसांनी सांगावा आला, भरतीचा सायेब आलाय, तुजं नाव दिलंय. न्हाई म्हनला तर चोरीच्या केशीत घालू म्हनले."

"पाटील म्हणजे सुभेदारांचे वडील?"

"व्हय. त्यास्नी वरनं सांगितलं हुतं, मानसं द्या. त्यांनी दिली. ज्या ज्या घरानं त्वांड उघडलं ती घरं धरली. येका घरातनं तर दोगं." शेंग सोलता सोलता म्हणाल्या, "मी पाच वर्सांची हुते. माजी माय ट्रकामागं फाट्यापत्तुर पळत गेल्ती. मग दर बाजारी पाटलाच्या दारात जाऊन बसायची, मानूस परत द्या म्हनून. सहा वर्सं बसली."

मी विचारलं, "आजी, चौऱ्याण्णवला मी इथंच बसून विचारलं होतं. तेव्हा का नाही सांगितलं?"

"मला कुटं इचारलं बाई तुमी? सुभेदार बाजंवर बसलं हुतं. तुमी त्यांच्याकडं बघून इचारलं, त्यांनी सांगितलं, तुमी लिवलं. मी च्या केला."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

उठताना त्यांनी माझा हात धरला. "आमच्या नातीनं, अलिझानं वाचून दाखिवलं दगडावरचं. 'कोनी मागितली म्हनून न्हवं.' त्याच्याखाली माज्या बापाचं नाव हाय. त्यो राजीनं गेला न्हाई. तेवडं पुसा. माजं नाव कुटं घालू नका पर. आमच्या रानाची वाट त्यांच्या बांधावरनं हाय, मला हितंच ऱ्हायाचंय."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून रडले. शेजारची बाई विचारायला लागली, माहेरून आलात का?

गुरुवार, २३ जानेवारी

मंगळवार-बुधवार फरहीन आणि मी वेगवेगळ्या गेलो, हनुमंतला न कळवता. नऊ घरं. सहा घरांनी पाण्याची, बांधाची, चावडीतल्या भांडणाची हकिगत सांगितली. दोघांनी सांगितलं, मान होता, आणि ते मला खरं वाटलं. एक गप्प बसला. म्हणजे सगळंच उलटं आहे असं नाही. पण माझं पुस्तक ज्या वाक्यावर उभं आहे ते वाक्य पडलं.

शौनकला सांगितलं. पोरगा शहाणा आहे, गोड बोलतो. "मॅडम, एक तळटीप टाकूया की. 'काही कुटुंबांच्या आठवणी वेगळ्या आहेत' अशी. पुस्तक अभ्यासक्रमात आहे, एवढं हलवायला नको."

दुपारभर ती तळटीप लिहून पाहिली. चांगली झाली. इतकी चांगली की कुणाच्या लक्षातही येणार नाही. मला ती छापायची इच्छा झाली, हे कबूल करते. त्रेसष्टाव्या वर्षी माझ्याजवळ दुसरं काय आहे? मूल नाही, घर हे एवढं, आणि एक पुस्तक. सत्तेचा अभ्यास करायला निघाले, आणि सत्ता माझी बॅग उचलून माझ्याबरोबर फिरत होती. मी तिचे आभार मानले, तेही पहिल्या पानावर.

तळटीप फाडली. मग तुकडे जुळवून परत वाचली. मग नीट फाडली.

शनिवार, २५ जानेवारी

हनुमंतकडे गेले. त्याला एकट्याला बसवून सांगितलं, माझं वाक्य चुकीचं आहे, ते काढा.

"दगडावर कोरलंय मॅडम. आता चुकीचं कसं काय आसंल?" मग आवाज खाली आणून विचारलं, "कोन बोललं तुमच्याशी?"

"कुणी नाही. माझेच फॉर्म बोलले." आणि तो रकाना दाखवला. दहा-बारा फॉर्म त्यानं शांतपणे उलटले. आजोबांचं नाव बघून आधी खुश झाला. नंतर त्याच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यानं फॉर्म पालथे घालून ठेवले.

"आजोबांनी तुमची बॅग उचलली हो. पोटच्या लेकीसारखं फिरवलं तुमाला."

ते खरंच होतं. सुभेदारांनी मला फसवलं असं मला आजही म्हणता येत नाही. वडिलांनी सांगितलं ते त्यांनी खरं मानलं असेल. मी हे हनुमंतला सांगितलं. त्यानं बराच विचार केला आणि तोडगा काढला.

"आसं करू. तुमाला नको तर तुमचं नाव काढतो. वाक्य ऱ्हाऊ द्या. गावाला आवडलंय."

वाक्य माझं, चूक माझी, आणि खोडायचा हक्क मात्र माझ्याकडे उरलेला नाही. शेवटी म्हटलं, उद्या बोलायला तरी द्याल ना? तो म्हणाला, "तुमी प्रमुख पाव्हण्या हाय मॅडम."

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदन झालं. मोनिकाताईंनी स्मारकाच्या पडद्याची दोरी ओढली, हनुमंतनं मागून हात लावला. माझ्या नावावर काळा रंग फासलेला, वाक्य जसंच्या तसं.

मी बोलायला उभी राहिले. म्हटलं, "हे वरचं वाक्य मी लिहिलं. ते चुकीचं आहे. तीस वर्षांपूर्वी मी या गावाला नीट विचारलं नाही, आणि न विचारताच उत्तर छापलं. ही माणसं मागितली गेली होती. घरच्यांनी ती परत मागितली होती. यात गावाची चूक नाही, माझी आहे." पुढं एकतीस नावं वाचली, एकेक करून. कुणाचीच हकिगत सांगितली नाही.

टाळ्या पडल्या. माझं भाषण संपलं म्हणून पडल्या, की पटलं म्हणून, कळलं नाही. हनुमंतनं नारळ दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही. बायकांच्या बाजूला सात-आठ जणी डोळ्यांना पदर लावून होत्या. मुबारकबी त्यांच्यात नव्हत्या. अलिझा मात्र मागं उभी राहून मोबाइलवर सगळं टिपून घेत होती.

संध्याकाळी शौनकला कळवलं, शेवटचं प्रकरण नवं लिहिते, आणि त्यात पहिल्या नऊ प्रकरणांची चूक सांगते. तो म्हणाला, "आठवडा वाढवून देतो."

शुक्रवार, ३१ जानेवारी

चार दिवस घरातून बाहेर पडले नाही. प्रकरण पुरं केलं, अठ्ठावीस पानं. इतकं खरं मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. कुणाचंही नाव, घर, पाळी ओळखू येणार नाही अशी काळजी घेतली आहे. स्वतःला कुठंही सोडलेलं नाही. लिहून झाल्यावर हलकं वाटलं.

दुपारी फरहीनला वाचायला दिलं. ती खुर्चीत वाचत होती, मी समोर बसून तिच्याकडं बघत होते.

"कसं झालंय?"

"चांगलं झालंय मॅडम."

"काही बदलायला हवं?"

"नाही मॅडम."

सुभेदारही असेच समोर बसायचे. हे डोक्यात आलं आणि मला बसवेना. पेन्सिल टेबलावर ठेवली, पिशवी घेतली, म्हटलं, "भाजी घेऊन येते, दोन तास लागतील." भाजीवाला खालीच बसतो. मी प्रोफेसर कॉलनीपर्यंत चालत गेले, एका बाकावर बसले, पालक आणि दोन मुळे घेऊन सावकाश परत आले.

फरहीन गेली होती. पानं पेन्सिलीनं भरलेली. पहिल्याच पानावर तिनं लिहिलंय: 'अठ्ठावीस पानांत तुमची चूक आहे, तुमचं दुःख आहे. शमशेर नऊ ओळींत संपतात. दादींच्या आईनं सहा वर्षं पाटलाच्या दारात बसून माणूस परत मागितला. ती एकदाही आलेली नाही. युद्धावर पाठवणाऱ्या सत्तेशी गावात कुणी भांडलं असेल तर ती. प्रकरण तिचं आहे, मॅडम. तुमचं नाही.'

आधी राग आला. ही पोर मला शिकवणार? पालक निवडला, धुतला, तरी राग जाईना. मग पहिल्या पानापासून परत वाचायला बसले, आणि तिसऱ्या पानापर्यंत तिचं म्हणणं पटलं.

त्या आईचं नाव मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं. सोमवारी फरहीन देवखडीला जाणार आहे. मी बरोबर आले तर चालेल का, असा तिला मेसेज केलाय. तिनं वाचलाय. अजून उत्तर आलेलं नाही.